केळीच्या पानातला डीएनए आणि आपलं केळफूल

केळफूल चिरताना बोटं काळी होतात म्हणून आपण हाताला तेल लावतो, आणि चिरलेलं फूल ताकाच्या पाण्यात टाकतो. प्रयोगशाळेत केळीच्या पानातून डीएनए काढणाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते.

डीएनए म्हणजे झाडाच्या पेशीपेशीत लिहिलेली त्याच्या वाणाची कुंडली. वसईच्या सुकेळीला राजेळी केळंच लागतं. पण राजेळी म्हणून आणलेला मुनवा खरंच राजेळीचा आहे का, हे कळायला घड येईपर्यंत थांबायचं? पानातला डीएनए तपासला तर आधीच सांगता येतं. नवीन वाण तयार करणारे शास्त्रज्ञही रोपं अशीच निवडतात.

गटाच्या बैठकीत करून बघा. पिकलेलं केळं कुस्करा, त्यात पाणी, चमचाभर मीठ आणि थोडा भांड्यांचा साबण घालून हलकेच ढवळा. फेस होऊ देऊ नका. गाळून घ्या आणि ग्लासच्या कडेने फ्रीजरमधलं गार स्पिरिट हळूच सोडा. (चूल, गॅस लांब ठेवा!) वर पांढरे धागे तरंगतील. साबणाने पेशीचं आवरण फुटलं आणि गार स्पिरिटमध्ये डीएनए बाहेर आला. पण खरं सांगायचं तर ते सगळं डीएनए नसतं, केळ्याचा चिकटाही त्यात असतो.

तपासणीत हाच चिकट आणि चिकाचा काळेपणा घात करतो. म्हणून प्रयोगशाळेत पान उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून कुटतात, म्हणजे काळं पडायला वेळच मिळत नाही. मग सीटॅब नावाच्या, साबणाच्याच जातीच्या रसायनात साधारण 65 अंशांवर ठेवतात. त्यात मीठ जास्त घातलं की चिकट पाण्यातच राहतो आणि डीएनए वेगळा होतो. काळेपणा धरून ठेवणारी पावडरही घालतात. आपलं ताकाचं पाणी आठवा.

तरी निम्मं काम वाडीतच होतं. जून, डागाळलेलं पान दिलंत तर पुढे कितीही खटपट करा, डीएनए नीट निघत नाही. मधली, नुकती उलगडू लागलेली सुरळी घ्या. पुसून पिशवीत घाला आणि बर्फावर ठेवा. बर्फ नसेल तर चपलांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या दाण्यांत तुकडे सुकवा. उन्हात अजिबात नको. एका झाडाची एकच पिशवी.

पिशवीवर वाणाचं गावातलं नाव, वाडी कोणाची आणि तारीख लिहा, आणि त्याची नक्कल आपल्याकडे ठेवा. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो आणि त्याला फी लागत नाही. पान देताना कोणी सही मागितली, तर कागद वाचून घेतल्याशिवाय करू नका.