जोडचाकांतील आतला टायर आणि वाढीव हवानळी

मागील आसाच्या प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके बसविण्याची पद्धत मालमोटारी व एस.टी. गाड्यांमुळे आपल्या परिचयाची आहे. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या ज्या ‘मोटरहोम’ गाड्या अमेरिकेत प्रवासासाठी वापरतात, त्यांपैकी पुष्कळांना अशीच जोडचाके असतात. त्यांत आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकामागे दडतो. हवा मोजावयाची तर चाकाच्या तबकडीतील भोकांतून हात घालावा लागतो. ही अडचण टाळण्यासाठी वाढीव नळी योजतात.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. २२५/७५ आर १६ मापाच्या ‘ई’ भारश्रेणीतील एका प्रचलित टायरची भारमर्यादा एकेरी वापरात १,२१५ किलोग्रॅम व जोडीत १,१२० किलोग्रॅम असते. पूर्ण भारलेल्या जोडीतील आतल्या टायरची हवा गेली, तर बाहेरच्यावर सुमारे २,२४० किलोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पावणेदोन पटींहून अधिक भार येतो. गाडी मात्र फारशी कलत नाही, म्हणून चालकास पत्ता लागत नाही. रिता टायर मुडपत राहून तापतो, फाटतो, प्रसंगी पेटही घेतो.

व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगने मिटलेली बारीक झडप असते. अमेरिकेत १८९३ मध्ये पेटंट मिळालेली श्रेडर पद्धतीची झडप ती हीच. तिची पिन दाबली की हवेस वाट मिळते. वाढीव नळ्यांतील महत्त्वाचा भेद येथेच आहे. काही नळ्यांत आत एक सरकती काडी असते व ती हवा मोजतानाच मूळ झडप दाबते. एरवी नळी रिती असते, म्हणून ती गळली तरी टायरला बाध येत नाही. लवचिक नळ्यांपैकी अनेकांत मूळ झडप कायम उघडी राहते व हवा नळीच्या बाहेरील टोकाशी अडविली जाते. अशा वेळी प्रत्येक सांधा हा गळतीचा संभाव्य मार्ग ठरतो.

त्यात केंद्रोत्सारी प्रेरणेची भर पडते. आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर ३७ सेंटिमीटर व नळीचे २० सेंटिमीटर धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना नळीवरील ओढ तिच्या वजनाच्या सुमारे ११५ पट होते. ५० ग्रॅमची नळी जणू पावणेसहा किलोग्रॅमची होते! म्हणून रबरी बुडाच्या व्हॉल्व्हवर जड नळी चढविणे धोक्याचे असते. ते बूड वाकून चिरते. नळीचे बाहेरील टोकही चाकास घट्ट जखडलेले हवे.

मूळ व्हॉल्व्ह काढून त्याऐवजी एकसंध लांब धातुनळी बसविणे अधिक भरवशाचे असते, कारण मधला सांधाच उरत नाही. त्यासाठी टायर उतरवावा लागतो, हा तिचा तोटा. नळी कोणतीही असो, तिच्यात हवा नेमकी कोठे अडते हे आधी पाहावे, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली असल्यास निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, सर्व चाकांतील दाब मोजावा.