गाणं म्हणजे फक्त मैफल का?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण गायिका आम्हांला भेटली. म्हणाली, "सर, पंधरा वर्षं गाणं शिकले. वर्षाला दोन-तीन मैफली मिळतात, त्याही बिनपैशाच्या. गाणं सोडून देऊ का?" तिथं उभ्याउभ्या उत्तर देणं बरं नव्हतं. म्हणून आज तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करू.

प्रश्न नीट ऐका. त्यात एक गोष्ट धरूनच चाललेली आहे : गाणं म्हणजे मैफल, मैफल नाही, तर गाणं नाही. आत्मचिंतन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून बसणं आठवतं. तत्त्वज्ञानात मात्र त्याचं पहिलं काम अगदी रोकडं आहे. जे आपण न तपासता धरून चाललो आहोत, ते बाहेर काढायचं आणि उजेडात बघायचं.

प्लेटोच्या 'फीडो' या संवादात मृत्युदंड झालेला सॉक्रेटिस तुरुंगात आहे. तो मित्रांना सांगतो, आयुष्यभर एक स्वप्न मला पुन्हा पुन्हा सांगत आलं की, संगीत कर. तत्त्वचिंतन हेच श्रेष्ठ संगीत, आणि ते तर आपण करतोच, अशी त्याची समजूत होती. तुरुंगात त्याला शंका आली : स्वप्नाला साधं, लोक म्हणतात तेच संगीत हवं असेल तर? आणि तो पद्यं रचायला बसला. ग्रीकांच्या 'मौसिके' या शब्दात काव्यही येई. म्हणजे बघा, सत्तरीचा माणूस शेवटच्या दिवसांतही एका शब्दाचा अर्थ पुन्हा तपासतो आणि त्याप्रमाणे कामही बदलतो.

आता आपल्याकडे येऊ. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. गळा तयार झाला, संस्थानाचा आश्रय होताच. चांगलं चाललं होतं. तिथली एक गोष्ट सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचं निमंत्रण त्यांना आलं, गुरुजींना आलं नाही. का? तर ते गवई!

इथं दोन वाटा होत्या. अपमान गिळायचा, नाहीतर रागावून बसायचं. त्यांनी त्या अपमानाचा प्रश्न केला : गाण्याला मान आहे, मग गाणाऱ्याला का नाही? एकदा हा प्रश्न पडला की 'मी आणखी चांगला कसा गाईन' एवढ्यानं भागत नाही. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला. स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, उपदेशक वर्गात शिक्षक घडवले. गवई होतेच, त्यात शिक्षक, ग्रंथकार, संस्थाचालक मिळाले. गाणं सुटलं नाही, त्याचा पैस वाढला.

किंमतही पडली, ती लपवू नये. मुंबईच्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही आणि ती वास्तू हातची गेली. १९३१ मध्ये ते वारले. पण माणसं उभी राहिली होती. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली, आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास केला. कुमार गंधर्व त्यांच्याकडेच शिकले.

एक धोका मात्र आहे. मैफल जमत नाही म्हणून 'आता शिकवतो' असं म्हणणं, ही पुष्कळदा नुसती मनाची समजूत असते. ओळखायचं कसं? पलुसकरांना मैफल जमत होती, तरी ती पुरेना. आपल्याला ती पुरत नाही की मिळत नाही, हे ज्याचं त्यानं स्वतःला खरं सांगावं. मिळत नसेल तर रियाज आणि धीर हवा. पुरत नसेल तर वाट रुंद करायला हवी.

त्या मुलीला आम्ही एवढंच विचारू : समोर श्रोते नसतात तेव्हा गाण्यातलं कोणतं काम तू कुणी न सांगता करतेस? शिकवतेस, बंदिशी उतरवून ठेवतेस, की दुसऱ्याचं गाणं तासन्‌तास ऐकून त्यावर विचार करतेस? उत्तर घाईनं देऊ नकोस. पण 'सोडू का' हा प्रश्न त्या उत्तरानंतरच विचारायचा.