ढगाआडचा ढग

आकाश भरून आले म्हणजे पाऊस पडेलच, असा भरवसा मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी ठेवत नाही. त्याच्या या अविश्वासाला शास्त्राचाही आधार आहे. वर हिमकणांचे तंतुमेघ, मध्ये कोरडी हवा आणि खाली जलबिंदूंचे थरमेघ अशी उतरंड आकाशात पुष्कळदा असते. वरून निसटलेले हिमकण मधल्या कोरड्या हवेत विरले, तर जमीन कोरडीच राहते. ते खालच्या ढगात पोचले, तर पावसाला बळ मिळते.

सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून पाहणाऱ्या इन्सॅट उपग्रहांना मुख्यत्वे वरचा थर दिसतो. खालचे थर उलगडण्याचे काम २००६ च्या एप्रिलमध्ये अवकाशात गेलेल्या ‘क्लाउडसॅट’ व ‘कॅलिप्सो’ या जोडीने केले. कॅलिप्सोचा लेसर किरण विरळ हिममेघही टिपी, पण दाट ढगात लवकरच क्षीण होई. क्लाउडसॅटच्या रडारचे सुमारे ३ मिलिमीटर लांबीचे तरंग मात्र दाट ढगातही खोलवर शिरत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी ही योजना होती. २०२३ मध्ये दोघांचीही मोजणी थांबली. २०२४ च्या मे महिन्यात युरोप व जपान यांनी सोडलेल्या ‘अर्थकेअर’ उपग्रहावर ही दोन्ही साधने एकत्र आली आहेत. तथापि, असा उपग्रह एकाच गावावरून रोज जात नाही. रोजच्या पाळतीसाठी जमिनीवरच रडार हवे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने महाबळेश्वरला २०१२ पासून मेघभौतिकीची प्रयोगशाळा चालविली आहे, ती याच गरजेपोटी.

येथे प्रश्न अर्थकारणाचा होतो. २०१५ व २०१९ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यात कृत्रिम पावसावर सार्वजनिक पैसा खर्च केला. विमान उडाले की वृत्तपत्रांत छायाचित्र येते. रडार वर्षानुवर्षे आकडे नोंदवीत राहते, त्याचे छायाचित्र कोण छापणार? परंतु फवारणीयोग्य ढग कोणता, आणि पडलेला पाऊस फवारणीचा की निसर्गाचा, हे त्या नोंदींवाचून ठरत नाही. मोजमापाविना केलेला खर्च म्हणजे गुंतवणूक नव्हे, जुगार होय.

ढगांची मोजणी ही दीपस्तंभासारखी आहे. तिचा लाभ सर्वांना होतो. म्हणूनच तिचे मोल स्वतंत्रपणे कोणी देत नाही. ती जबाबदारी शासनाचीच. तेव्हा कृत्रिम पावसाच्या प्रत्येक योजनेत मोजमापाचा वाटा आधी बाजूला काढावा आणि नोंदी जनतेसमोर ठेवाव्यात. दुबार पेरणीचा भुर्दंड सोसणाऱ्या शेतकऱ्याचा एवढा हक्क निश्चितच आहे.