समुद्र नसलेले हैदराबाद संस्थान

निजामाच्या राज्याला एके काळी किनारा होता. मच्छलीपट्टणचा बंगालच्या उपसागराकडचा पट्टा अठराव्या शतकात इंग्रजांकडे गेला आणि हैदराबाद संस्थान चारही बाजूंनी जमिनीने वेढले गेले. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, म्हणजे युगांडापेक्षा थोडे कमी. युगांडालाही समुद्र नाही; त्याचा बराच माल केनियातल्या मोंबासा बंदरातून जातो. हैदराबादला मुंबई-मद्रासकडे पाहावे लागे.

पश्चिमेला मराठवाड्याची काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. पूर्वेला तेलंगणाचा ग्रॅनाइट; तिथे बांध घालून तळी अडवायची आणि भात पिकवायचा. १९४१च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी; कन्नड आणि उर्दू त्यामागोमाग. कारभार मात्र उर्दूत चाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद इथल्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, हे मला या राज्याचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

सोळा जिल्ह्यांचे चार सुभे होते. सुभ्यावर सुभेदार, जिल्ह्यावर तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार. ही रचना दिवाणी, म्हणजे थेट सरकारी मुलखापुरती. निजामाच्या खासगी उत्पन्नाचा सर्फ-ए-खास, बड्या सरदार घराण्यांच्या पायगा आणि इतर जहागिरी यांचा कारभार वेगळा. म्हणून शेजारच्या दोन गावांत वसुली करणारा धनी निराळा असू शके. वर १९१९पासून कार्यकारी मंडळ होते. सर अली इमाम त्याचे पहिले अध्यक्ष. पण हे मंडळ निजामाला जबाबदार होते, रयतेला नव्हे.

राज्याची रेल्वे, टपाल आणि हाली सिक्का हे चलन स्वतःचे होते. सीमेवर करोडगिरीचे नाके माल अडवून जकात घेत. हैदराबादहून परभणी-औरंगाबादमार्गे येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडला मुंबईच्या वाटेला मिळे. स्वतःच्या हद्दीत सारे काही असले तरी बंदराची वाट परमुलखातून जाई. इंग्रज जाताना निजामाने स्वतंत्र राहायचे ठरवल्यावर ही अडचण उघडी पडली. पोर्तुगीजांच्या ताब्यातले मुरगाव बंदर मिळवण्याचे प्रयत्न झाले, ते फळले नाहीत. १९४८मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बाहेरून माल आणायला समुद्राची वाटच नव्हती. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि १७ला निजामाने शरणागती जाहीर केली. संस्थानाचे तीन भाषिक तुकडे झाले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी; मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले.