नव्या वडीचा जमाखर्च

सुटीच्या दिवशी एखादा नवा पदार्थ करून पाहणे ही मध्यमवर्गीय घरातील निरुपद्रवी हौस समजली जाते. वस्तुतः तो एक आर्थिक प्रयोगच होय. नांदेडच्या आमच्या घरी बिस्किटाच्या धर्तीवर ज्वारीच्या पिठाची वडी भाजण्याचा उपक्रम नुकताच झाला. पहिल्या खेपेस सुरी लावताच वडीचा भुगा झाला. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. दुसऱ्या खेपेस थोडी कणीक व गुळाचा घट्ट पाक घातला, तर ती दगडासारखी झाली. लातूरच्या बहिणीच्या सल्ल्याने पाक सैल ठेवून दाण्याचा कूट मिसळला, तेव्हा कोठे ती साधली.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. या दोन्ही जिल्ह्यांच्या खरिपात मात्र ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. भाकरी नको म्हणणाऱ्या मुलांना ज्वारीकडे वळवायचे, तर असे प्रयोग हवेतच.

मी सवयीने पीठ, गूळ, तूप व गॅस यांचा खर्च वहीत मांडला. पत्नीने तो पाहून एवढेच विचारले, “आणि माझ्या तीन दुपारी?”

घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जात नाही, हे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. तीच चूक माझ्या वहीतही होती. बचत गटाची महिला अशी वडी विकावयास बसते, तेव्हा ‘घरचेच तर आहे’ म्हणून घासाघीस करणारे आपणही तीच करतो. वडी स्वस्त जरूर असावी; परंतु करणारीच्या श्रमाचे मोल शून्य धरून नव्हे.