विमा मध्येच मोडताना: काय परत मिळतं, काय मिळत नाही

आयुष्यभर आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा गाडीच्या विम्यावर बोलायला हे गृहस्थ कशाला उभे राहिले, असं काहींना वाटेल. कारण घरगुतीच आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी साथ सोडली आणि आम्ही आमची गाडी विकली. एमएच-२७ म्हणजे अमरावतीची गाडी, घेणारा अकोल्याचा. विम्याचे पाच महिने अजून शिल्लक होते. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, "सर, पॉलिसी रद्द करून टाका जी, पैसे वापस येतीन." आम्ही अर्ज लिहायलाही बसलो होतो. बरं झालं, आधी कागद वाचले. वाचून जे कळलं ते आज सांगतो.

आधी एक भेद लक्षात घेऊ. तुमच्या पॉलिसीत बहुधा दोन करार असतात. एक 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. दुसरा 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई. पहिला ऐच्छिक आहे. दुसरा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

आता पैशांचा हिशोब. जुन्या मोटार टॅरिफमध्ये अल्प मुदतीचं एक कोष्टक होतं. पहिल्या महिन्यात विमा मोडला तर कंपनी वर्षाच्या हप्त्याचे २० टक्के ठेवून घेई. दुसऱ्या महिन्यात ३०, तिसऱ्यात ४०, असं चढत चढत आठव्या महिन्यात ९० टक्के. आठ महिने उलटले की परतावा शून्य. 'अर्धं वर्ष गेलं म्हणजे अर्धे पैसे येतील' असं समजणारा माणूस इथे फसायचा. सहा महिन्यांनी त्याच्या हाती ३० टक्केच पडत.

२०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, हे बदललं. आता एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत ग्राहक कारण न सांगता विमा रद्द करू शकतो, आणि त्या मुदतीत एकही क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. उदाहरण घेऊ. हप्ता १०,००० रुपये, आणि ३६५ पैकी २१९ दिवस गेले. उरले १४६, म्हणजे ४० टक्के. परतावा ४,००० रुपये. जुन्या कोष्टकाने हेच १,००० झाले असते. कंपनीला मात्र मनमानी करून तुमचा विमा मोडता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि तीही किमान सात दिवसांची नोटीस देऊन.

नवी गाडी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आली. अशा लांब मुदतीच्या विम्यात ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही, त्या वर्षांचा हप्ता परत मिळतो.

इथे एक तक्रार हमखास येते. "क्लेम केला नाही, काहीच वापरलं नाही, मग पैसे कापता काहून?" आम्ही म्हणतो, गेलेले दिवस तुम्ही वापरले आहेत. त्या दिवसांत अपघात झाला असता तर कंपनी तुमच्या मागे उभी होती. हे पाठबळ दिसत नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. पण जे दिवस अजून आलेच नाहीत त्यांचे पैसे ठेवून घेणं न्याय्य नव्हतं, आणि जुनं कोष्टक नेमकं तेच करत होतं.

आता आमच्या चुकीकडे येऊ, जी होता होता राहिली. गाडी विकली तरी आरटीओच्या दफ्तरी नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक आपणच असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला हेच सांगितलं. समजा, आम्ही विमा मोडला असता, नाव बदलणं लांबलं असतं, आणि मूर्तिजापूरजवळ त्या गाडीने कुणा सायकलवाल्याला उडवलं असतं. भरपाईचा बोजा आमच्या निवृत्तिवेतनावर आला असता. त्याहून वाईट म्हणजे, त्या माणसाच्या कुटुंबामागे कंपनी उभीच राहिली नसती. थर्ड पार्टी करारावर सही दोघांची असते, पण तो असतो तिसऱ्यासाठी, ज्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. चार हजारांसाठी त्या माणसाचा आधार काढून घेण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न आम्हाला तरी नीतिशास्त्राचाच वाटतो. म्हणूनच दुसरीकडे विमा उतरवल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय थर्ड पार्टी भाग रद्द करायचा नाही, असा दंडक आहे.

मग विक्रीच्या वेळी करायचं काय? रद्द करू नका, हस्तांतर करा. कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. पण ओन डॅमेजचं संरक्षण हवं असेल तर त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायलाच हवा. विकणाऱ्यानेही राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

'नो क्लेम बोनस' मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. २० टक्क्यांपासून चढत तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विक्रीनंतर कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला तो लागू होतो. परताव्यापेक्षा हे पत्र अनेकदा जास्त मोलाचं ठरतं.

आणखी एक. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे परतावा थेट विमाधारकालाच द्यायचा असतो, एजंटच्या खात्यात तो जमा करता येत नाही. "पैसे माझ्याकडे येतील, मग देतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या वऱ्हाडासाठी ते कार्यालय पुण्याला आहे आणि तिथे फी लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोग तर अमरावतीतही आहे, अकोल्यातही.

न्याय-वैशेषिकात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या ध्वंसाभावाला, म्हणजे मडकं फुटल्यानंतरच्या नसण्याला, आरंभ असतो पण अंत नसतो. रद्द केलेली पॉलिसी तशीच. पुन्हा हवी असेल तर ती नवीच घ्यावी लागते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी नवा विमा किंवा नावबदल, मग रद्द करण्याचा अर्ज, आणि शेवटी परताव्याचा हिशोब.

आमची गाडी आता अकोल्यात सुखाने फिरते आहे. तिचा विमा तिच्याबरोबर गेला, बोनसचं पत्र आमच्या कपाटात आहे, आणि झोप शांत लागते. आता तुमचे प्रश्न घेऊ या.