एक मिनिट श्वास मोजताना

रात्रीचे सव्वादोन. हाडांच्या वॉर्डात भावाच्या खाटेशेजारी मी चटईवर पडलोय. पलीकडच्या खाटेवरचा पोरगा मघापासून बडबडतोय. परवा रात्री दुचाकीवरून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं. डोक्याला मार नाही. पायाला वजन लावलंय, सकाळी ऑपरेशन आहे. संध्याकाळी तर भावाशी क्रिकेटवरून हुज्जत घालत होता.

"आये, बैलं सोडायची राहिली."

"बैलं कवाच इकली की रं!" आई त्याच्या कपाळावर हात ठेवते. मला म्हणते, "झोपंत बोलतोय."

सिस्टर येतात. बीपी ११८/७६. एकदम चांगलं. एवढं लिहून पुढच्या खाटेकडे जाता आलं असतं. वॉर्ड भरलेला आहे, आणि त्यांच्या हाताखाली एकच मावशी. पण त्या थांबतात. एक डोळा घड्याळावर, एक पोराच्या छातीवर. पूर्ण मिनिटभर. मग स्वतःशीच म्हणतात, "चौतीस."

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के दाखवतं. तो ९५च्या वर हवा. सिस्टर ऑक्सिजनचा मास्क लावतात आणि फोनकडे धावतात. आज रात्रीचा सगळ्यात मोठा उपचार म्हणजे ते एक मिनिट, असं मला मनापासून वाटतं.

निवासी डॉक्टर येतो, शर्ट वर करून टॉर्च मारतो. छातीवर, काखेत घामोळ्यासारखे बारीक लाल ठिपके. खालची पापणी ओढतो, तिथेही तेच. "फॅट एम्बोलिझम वाटतंय, बेड तयार ठेवा," तो आयसीयूला फोनवर सांगतो.

"पायच मोडलाय न्हवं? मग आयसीयू कशाला?" आई त्याची बाहीच धरते. घाईतही तो थांबून सांगतो: मोठं हाड मोडलं की कधीकधी त्यातली चरबी रक्तात उतरते, फुप्फुसांत आणि मेंदूत जाऊन अडकते. बहुधा २४ ते ७२ तासांत. म्हणजे पेशंट बरा आहे असं सगळ्यांना वाटत असतं, तेव्हाच.

ट्रॉली येते. एक जण पाय ताणून धरतो, वॉर्डबॉय मामा सिलिंडर उचलतात, लिफ्ट आधीच अडवून ठेवलीय. आई एक्स-रेची पिशवी छातीशी धरून मागे पळते, अनवाणी. मी तिच्या चपला घेऊन निघतो.

पहाटे आयसीयूचे डॉक्टर बाहेर येतात. पोरगा व्हेंटिलेटरवर आहे. ही चरबी विरघळवणारं औषध नाही. फुप्फुसं सावरेपर्यंत श्वासाला आधार द्यायचा. "वेळेवर आणलंत. यातून बहुतेक पेशंट बरे होतात," ते म्हणतात. आई मटकन खाली बसते.

बीपीचा आकडा तरुण शरीर बराच वेळ सांभाळून धरतं; श्वास आणि नाडी आधी बिघडतात. बरगड्या मोडलेल्या म्हाताऱ्यांना दुखण्यामुळे खोकता येत नाही, मग न्यूमोनिया होतो, तेव्हाही श्वासच आधी वाढतो. म्हणून खाटेशेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: तुमचा माणूस अचानक धापा टाकू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर झोपेत आहे म्हणू नका. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. तिथल्या तिथे सिस्टरना हाक मारा.